वेशीबाहेरचा दरबार

1917 साली नारायण वामन टिळक साताऱ्यात होते. वय पंचावन्न, आणि पुढे आयुष्याची दोनच वर्षे उरलेली. कवी म्हणून नाव झालेले, 'ज्ञानोदया'तून लेखणी घरोघर पोचलेली, मिशनमध्ये मान. अशा वेळी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा एक बंधुसमाज उभारायचा आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखीच जागा द्यायची, अशी ती कल्पना होती. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात याहून धाडसी पाऊल मला दिसत नाही. इतक्या लवकर विस्मरणात गेलेलेही दुसरे दिसत नाही.

हे पुस्तक त्याच वाटेवरचे आहे. चर्चच्या रूढ चौकटीबाहेर राहून, ख्रिस्ताच्या नावाने, कोणालाही दारातून परत न पाठवणारा आणि अन्यायाकडे पाठ न फिरवणारा समाज उभा करता येतो का, आणि केला तर तो कशावर टिकतो, हा त्याचा विषय. हल्ली असे काही बोलले की ऐकणाऱ्याला ते परदेशातून आलेले खूळ वाटते. संघटित धर्माला कंटाळलेल्या शहरी तरुणांची ती हौस आहे, असे कित्येक जुने पाळक मानतात. महाराष्ट्रात या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तो मराठी माणसांनी घडवलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे. तो इतिहास आधी सांगितल्याशिवाय आजच्याबद्दल बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

टिळकांचा जन्म 1861चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घरातला. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यानंतर दोन वर्षांत, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणारा पाळक भारतीयच हवा, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. घर, पंगत, पाणवठा, सोयरीक, सगळे एका दिवसात सुटायचे. माणूस आपल्या लोकांना मेल्यासारखा व्हायचा आणि मिशनच्या आवारात नव्याने जगायला लागायचा. घर मिशनचे, नोकरी मिशनची, मुलांची शाळा मिशनची, मुलीला स्थळही मिशनच्याच ओळखीतून. पगार देणारा आणि धर्म कोणता हे ठरवणारा हात एकच होता. ख्रिस्ताच्या शिकवणीबद्दल टिळकांना कधी शंका आली नाही. आपल्या माणसांना परक्याच्या ओसरीवर बसवणारी ही व्यवस्था मात्र त्यांना आयुष्यभर सलत राहिली. तुकोबाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. मिशनच्या सभेत त्यांनी अभंग आणि कीर्तन आणले, मराठी मंडळ्या आजही त्यांची शेकडो गीते गातात. पण गीत मराठी झाले म्हणून सत्ता मराठी होत नाही, हे त्यांना कळले होते. 'देवाचा दरबार' हा त्या जाणिवेचा शेवटचा टप्पा होता.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा रस्ता वेगळा होता, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने मला तो अधिक मोलाचा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला, या ख्रिस्ती झाल्या नाहीत. बरीच वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या हे सारे ज्या मोकळेपणाने सांगतात, तसे मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणा पाळकाला विचारला नाही. स्वतःशीच लढवला. उत्तर मिळाले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले आणि तसे घेतले. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली, त्यानंतर झाला. म्हणजे आधी पंगत, मग पाणी. कोणत्याही चर्चच्या नियमावलीत हा क्रम उलटा असतो. आधी विधी, मग सदस्यत्व, मग प्रभुभोजनाच्या मेजावर जागा. लक्ष्मीबाईंना ताटाने आधी बदलले. आज जे लोक चर्चबाहेर समाज उभारू पाहतात त्यांच्यासमोर हे उदाहरण सतत असावे असे मला वाटते, कारण जात जिथे भिनते तिथूनच ती काढावी लागते, आणि मराठी घरात ती जागा म्हणजे चूल.

पंडिता रमाबाई या दोघांच्याही आधीच्या, आणि अधिक हट्टी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना, त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर दोन वर्षांतच त्यांचे आणि त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचे पत्रयुद्ध सुरू झाले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी मुलग्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती. मुलग्यांना शिकवले तर हिंदुस्थानात रमाबाईंचे वजन राहणार नाही, असे त्या हरकतीचे सार. रमाबाईंनी ती मानली नाही. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता दुसरे जोखड घालून घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असेही विचारले. त्याच वर्षी, 1885 साली, इकडे पुण्यात जोतीराव फुले 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेत होते. रमाबाईंच्या धर्मांतरावर सनातन्यांनी आणि सुधारकांनीही झोड उठवली होती, त्यांच्यामागे उभा राहिला तो सत्यशोधक. रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि कोणत्याही एका चर्चच्या झाल्या नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांनी शेवटपर्यंत सांभाळल्या.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी त्यांचे शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. 1893 साली सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मग पुण्याजवळचे केडगाव. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि वस्तीची संख्या हजारांत गेली. केडगावच्या या वस्तीचे, म्हणजे मुक्ती मिशनचे, जे रूप उभे राहिले ते एखाद्या चर्चसारखे नव्हते, अनाथाश्रमासारखेही नव्हते. विहिरी खणलेल्या, शेती, गोठा, माग, तेलघाणा. अंध मुलींसाठी वेगळी शाळा. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. आणि छापखाना, जो सगळा बायका चालवत.

त्या छापखान्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. पंडितांची मराठी नको, खेड्यातल्या बाईला कळेल अशी हवी, हा त्यांचा ध्यास. ज्या मुली दुष्काळात अर्धमेल्या अवस्थेत आल्या होत्या त्यांच्यातल्याच काही शिशाचे खिळे जुळवत होत्या, मुद्रिते काढत होत्या, पाने घडी घालून शिवत होत्या. शास्त्र कोणी वाचायचे आणि कोणी ऐकायचे, यावर या देशात हजारो वर्षे जो निर्बंध होता तो केडगावच्या त्या शेडमध्ये बायकांच्या काळ्या झालेल्या बोटांनी मोडला. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, भाषांतर छापून पूर्ण झाले ते 1924 साली. 1905 साली मुक्तीत जी जागृती झाली, मुलींच्या मोठ्याने चाललेल्या प्रार्थना, रडणे, साक्ष देणे, तिची नोंद जगभरच्या पेन्टेकोस्टल इतिहासकारांनी घेतली. मला मात्र त्या जागृतीइतकाच तो छापखाना पवित्र वाटतो.

आता निवाडा करायचा तर तो असा. टिळकांची कल्पना अधिक मोठी होती, रमाबाईंचे काम अधिक टिकले. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही. मुक्ती आजही केडगावात आहे. दरबार एका कवीच्या तेजावर उभा होता. त्याला शेत नव्हते, कोठार नव्हते, रोज सकाळी उठून करायचे काम नव्हते. मुक्तीला होते. अर्थात मुक्तीतही सारे अधिकार एका बाईच्या हाती एकवटले होते आणि खर्चाचा मोठा भाग परदेशी देणग्यांवर चालत होता, हे लपवून चालणार नाही. तरीही चर्चबाहेर समाज बांधू पाहणाऱ्याने कोणाकडून शिकावे असे मला विचारले, तर स्वप्न टिळकांकडून घ्यावे आणि दिनक्रम रमाबाईंकडून, असे मी सांगेन.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हे पुस्तक वाचता येणार नाही. टिळक आणि रमाबाई दोघेही ब्राह्मण. मिशनवर रागावून बाहेर पडण्याइतके बळ त्यांच्यापाशी होते: विद्या, नाव, ओळखी. अहमदनगर जिल्ह्यातल्या मंडळ्या ज्यांनी भरल्या ते बहुतेक महार आणि मांग. त्यांच्या दृष्टीने मिशनचे आवार म्हणजे मुलांना बाकावर बसवणारी पहिली शाळा, हात लावून तपासणारा पहिला डॉक्टर, पाटलाच्या दांडगाईविरुद्ध अर्ज लिहून देणारा पहिला माणूस. ते तर पिढ्यान्पिढ्या गावाच्या वेशीबाहेरच राहिले होते. आत घेणारी पहिली संस्था मिळाल्यावर तिच्यातूनही बाहेर पडा, असे त्यांना सांगणे किती सोपे आहे आणि किती निर्दय आहे, याचा विचार स्वदेशी चर्चच्या कैवाऱ्यांनी फारसा केला नाही. आणि आत तरी काय मिळाले? सोयरीक जुळवताना जात विचारली जात राहिली. दक्षिणेत तर कबरस्तानेही वेगळी. 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी जे व्याख्यान दिले त्यातून दलित ईश्वरविज्ञानाची चर्चा सुरू झाली. भारतीय ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या वेदान्ती प्रश्नांत रमला आणि मंडळीत बसलेल्या बहुसंख्य दलितांचे दुःख त्याला दिसलेच नाही, हा त्यांचा आरोप होता. तो आरोप खरा आहे. देवाच्या दरबाराच्या गौरवात आपण वाहून जातो तेव्हा तो आठवावा.

टिळकांच्या कल्पनेतले बाप्तिस्मा न घेतलेले शिष्य आज कोण आहेत, हे पाहिले की त्यांची कल्पना आणि निर्मळांचा आरोप एकाच ठिकाणी येऊन भेटतात. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. धर्माची ही अट काढावी अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली केली, ती तशीच पडून आहे. याचा परिणाम एखाद्या खेड्यातल्या मंडळीत रविवारी दिसतो. मी तो पाहिला आहे. मागच्या ओळीत एक कुटुंब बसते. आजोबांचे नाव मंडळीच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार लिहिलेले आहे. गीते सगळ्यांना तोंडपाठ. प्रभुभोजनाची वेळ होते, भाकरीचे ताट ओळीतून पुढे सरकते, तेव्हा नातू आणि त्याची आई हात जोडून, मान खाली घालून बसतात. ताट त्यांच्यासमोरून जाते. कोणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना कारण ठाऊक असते. मुलाची शिष्यवृत्ती, उद्याची नोकरी.

त्या आईचा विश्वास कमी आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? राज्याने विश्वासावर दंड बसवला आहे, आणि मंडळी तो दंड न भरणाऱ्याला ताट देत नाही. दोघांच्या मधोमध ती बसली आहे. टिळकांचा दरबार असता तर तिथे तिला ताट मिळाले असते. चर्चबाहेरच्या समाजाची गरज आहे की नाही, या वादाचे माझ्यापुरते उत्तर त्या मागच्या ओळीत आहे.

मधल्या काळातल्या काही प्रयत्नांचा उल्लेख करून पुढे जातो. 1922 साली जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच. इंग्रज आणि भारतीय एका छपराखाली, खादी, साधे जेवण, मराठीतली उपासना. 1927 साली व्हेरिअर एल्विन त्या संघात आले, आणि तिथूनच पुढे गोंडांच्या वस्तीकडे गेले. पुण्यातल्या या संघाच्या जागेत 1972 साली कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टर्सनी मिळून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम नव्याने सुरू केला. त्यातल्या अँग्लिकन सिस्टर्स वाँटेजच्या संघातल्याच, ज्या संघाशी रमाबाईंचा तो कडाक्याचा वाद झाला होता. रमाबाईंनी जे मागितले होते ते वाँटेजला कळायला नव्वद वर्षे लागली, पण कळले.

आज शहरांतून घराघरांत लहान गट बसतात. काही गटांत चर्चने नाकारलेली माणसे येतात: घटस्फोटित बायका, आंतरधर्मीय लग्न केलेली जोडपी, समलिंगी आणि तृतीयपंथी ख्रिस्ती. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तरी बहुतेक मंडळ्यांत या माणसांना गायनाच्या ओळीत जागा आहे, खरे बोलायला नाही. हे गट मोलाचे आहेत. पण चर्चबाहेर आहे म्हणून गट न्यायी आहे, असे समजू नये. गेल्या काही दशकांत ज्या स्वतंत्र फेलोशिपा निघाल्या त्यांतल्या कित्येकांत संस्थापकच पाळक, खजिनदार त्याची बायको, आणि बँकेचे खाते दोघांच्या नावे. प्रश्न विचारणाऱ्याला सैतानाने ग्रासले म्हणून गप्प करतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्याच्या कारभारावर पुष्कळ टीका करता येईल. तरी त्याला घटना आहे, निवडणुका आहेत, अन्याय झाल्यास दाद मागायला निदान एक दार आहे. चौकट सोडताना ते दारही मागे राहते, हे बाहेर पडणाऱ्याने ओळखले पाहिजे. त्याच्या जागी काही उभारले नाही तर दुबळ्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होते, आणि सोडून जायला दुसरी जागाही त्याला उरत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना दोन विनंत्या करतो. पहिली चर्चमधल्या आणि चर्चबाहेरच्या सर्वांना: 1950च्या आदेशातली धर्माची अट काढावी ही मागणी मिळून करा, ती एकट्या दलित ख्रिस्ती संघटनांवर टाकू नका. दुसरी, जे आज घरात पाच-दहा माणसे जमवून बसतात त्यांना. हिशेबाची वही पहिल्या महिन्यापासून सर्वांपुढे ठेवा. ती लिहायला सर्वांत शेवटी आलेल्या माणसाला बसवा. भाकर मोडायचे काम दर वेळी वेगळ्या हातांना द्या, बाईच्या, दलिताच्या, परक्याच्या. आणि उपासनेनंतर सर्वांनी एकत्र जेवूनच घरी जा.